समोर उभी राहणारी

“ही बुटकी बाई कोण गं?”

स्कूटीवर मागे बसलेल्या मुलीने विचारलं. पुढचीने मान वर केली, “असेल कुणीतरी जागा देणारी,” म्हणाली, आणि स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली. कामिनी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हातात झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला कागद, कोपरापर्यंत पिवळ्या रंगाचे शिंतोडे. एक रिक्षा तिला चुकवून गेली, रिक्षावाला काहीतरी ओरडला, ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. बुटकी. हा शब्द तिच्या आईला उभ्या आयुष्यात कुणी लावला नव्हता. असोद्याला त्यांच्या गल्लीत लताबाई दोन होत्या, म्हणून हिला उंच लताबाई म्हणायचे. दाराच्या चौकटीत ती सवयीने वाकायची, नको तिथेही वाकायची. कामिनीने मान वर केली. वसतिगृहाच्या भिंतीवर, पार्किंगच्या छतापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत, तिची आई उभी होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा, एक हात भाऱ्याला, दुसरा मोकळा, चालता चालता मागे गेलेला. आणि खरंच ती बुटकी होती. खाली खांबांसारखे जाड पाय, त्यांवर रुंद कंबर, आणि तिथून वर सगळं आकसत गेलेलं. खांदे अरुंद, मान जवळजवळ नाहीच, चेहरा एवढासा. भाऱ्याने बाईला वरून दाबून टाकावं तशी. अकरा दिवस कामिनी त्या भिंतीला नाक लावून होती. परांचीवर चढायचं ते इमारतीच्या आतल्या जिन्यातून, उतरायचं तेही तिथूनच, गाडी मागच्या फाटकाशी. परांचीवरची हिरवी जाळी आज सकाळीच गुंडाळून वर बांधली होती, आणि रस्त्याच्या या बाजूला ती आज पहिल्यांदाच आली होती.

तिला जे वाटलं ते लाजेसारखं होतं, पण लाज नव्हती. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई नवं लुगडं नेसून आली होती आणि मागच्या रांगेतल्या कुणीतरी तिच्या उंचीवरून काही बोलून हसलं होतं, तेव्हाही असंच वाटलं होतं. तेव्हा हसणारे दुसरे होते. आज आईला हसण्याजोगी करणारी ती स्वतःच होती.

चित्र तिचंच होतं. चोवीस वर्षांची असताना तिने ते केलं होतं, दहा इंच रुंद, पंधरा इंच उंच, जलरंगात. दुपारी मळ्यातून येणाऱ्या आईला केळीच्या बागेच्या कडेला थांबवून ठेवलं होतं, भारा डोक्यावर तसाच ठेवून. आई दहा मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, “चाल व, म्हशी ओरडी राह्यल्या,” आणि चालू लागली. तो मागे जाणारा हात त्या क्षणाचा होता. चित्र पुरं झाल्यावर आईने ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “माह्यी मान इतकी लांब हाये का व?” कामिनी म्हणाली होती, “आहेच.” त्या संध्याकाळी आई आरशासमोर जरा जास्त वेळ उभी होती. आईला जाऊन आता आठ वर्षं झाली. चित्र कामिनीच्या घरी दिवाणखान्यात होतं, आणि तिथेच ते अभिमनसरांनी पाहिलं. अभिमनसर ती चित्रकला शिकवते त्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. रावेर, बोदवड आणि आसपासच्या खेड्यांतून जळगावला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी त्यांनी चार लोकांना घेऊन वसतिगृह उभं केलं होतं. “कामिनीताई, आमच्या भिंतीवर कुणा पुढाऱ्याचा फोटो नको,” ते म्हणाले. “पोरी दारात आल्या की त्यांना आपली आई दिसली पाहिजे. ही बाई द्या आम्हाला.” कामिनीने लगेच हो म्हटलं होतं. आई बावीस वर्षं दहा इंचांत राहिली होती. आता ती तीस फुटांत राहणार होती.

आणि तिने काम चोख केलं होतं. चित्रावर इंचाइंचाच्या चौकटी, दीडशे. भिंतीवर गेरूत बुडवलेल्या दोरीचे फटकारे मारून दोन दोन फुटांच्या चौकटी, दीडशेच. प्रत्येक चौकटीला आकडा. छोट्या चौकटीत रेघ जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते, तिथूनच ती मोठ्या चौकटीतही शिरली पाहिजे आणि बाहेर पडली पाहिजे. ही विद्या तिला पंचवीस वर्षांपूर्वी धुळ्यात गनीचाचांनी दिली होती. ती तिथे चित्रकला शिक्षकाची पदविका करत होती, आणि गनीचाचा सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवायचे. हातात पोस्टकार्डाएवढा फोटो, समोर वीस फुटांचं कापड. “खान्यात फक्त रेघ बघायची, बेटी. नाक बघू नको, डोळा बघू नको. नाक म्हटलं की हात तुझ्या मनातलं नाक काढतो. रेघ म्हटलं की फोटोतलं येतं.” या वाक्याने तिचं आयुष्य मार्गी लागलं होतं. पुढे शाळेत शेकडो मुलांना तिने हेच सांगितलं, आणि ज्यांना चित्र येत नाही म्हणून ठरलं होतं अशी मुलंसुद्धा चौकटी आखून आपल्या आजीचा फोटो वहीच्या पानाएवढा करून आणायची, तेव्हा तिला त्या आखणीचं मनापासून कौतुक वाटायचं. चौकट फसवत नाही. माणसाचा डोळा थकतो, आवडनिवड करतो, चौकट करत नाही.

मग ही कोण उभी होती?

ती परत वर गेली. दुपारभर एकेक चौकट तपासली. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस; खांद्याची रेघ बेचाळीसमध्ये वरून पाव भागावर शिरते; शिरत होती. चौकटींत कुठेही चूक नव्हती. संध्याकाळी अभिमनसर आले, त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून काढलेला. त्यात आई होती. उंच, हलकी, लांब मानेची, अगदी तीच. “उत्तम झालंय,” सर म्हणाले, आणि तिला एक क्षणभर वाटलं की स्कूटीवरची मुलगी खोटं बोलली. पण ती पुन्हा खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली तेव्हा आई पुन्हा दबलेली होती. तिसऱ्या मजल्यावरून बरोबर, रस्त्यावरून चूक. रस्ता अरुंद. फार मागे सरकायला जागा नाही, चार पावलांवर झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. पाहणारा भिंतीच्या पायथ्याशीच उभा राहून मान मोडून वर पाहणार. तिला कारण कळत होतं, पुस्तकात ते असतं, वरचं लांब जातं म्हणून लहान दिसतं. पण कारण कळल्याने किती कमी आणि किती जास्त हे कळत नव्हतं. घरी आल्यावर तिच्या मनात वेगळीच गोष्ट घोळू लागली. ती स्वतः आईच्या गुडघ्याएवढी असताना आईकडे असंच खालून पाहायची. तेव्हाही आईचे पाय जवळ, चेहरा लांब, भाऱ्याखाली. त्या वेळी आई बुटकी का दिसली नव्हती? कदाचित दिसली असेल. आणि तिने जे चित्र काढलं ते बरोबरीच्या उंचीवरून, मोठी झाल्यावर, आईच्या डोळ्यांत डोळे घालता येऊ लागल्यावरचं होतं. मग खरी आई कुठली? हा विचार तिला आवडला नाही. चहा गॅसवर उतू गेला.

उद्घाटनाला नऊ दिवस होते. नुसती रेघ आणि खालचे सपाट रंग झाले होते, बारीक काम बाकी होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. ती सकाळच्या धुळे गाडीत बसली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीबाहेर कापसाची शेतं कोरड्या उन्हात सरकत होती, आणि ती गनीचाचांच्या घरी आपण शेवटचं कधी गेलो ते आठवत होती. सात वर्षं. चाचांचा उजवा हात थरथरतो हे फोनवर कळलं होतं, तरी गेली नव्हती. तिला त्या वेळचं धुळं आठवत होतं. थिएटरच्या मागचं पटांगण, बांबूंना ताणलेलं कापड, शिडीवर चाचा, आणि दुपारी एकच्या सुमाराला डबा घेऊन येणारी ताजबीचाची. काळा बुरखा डोक्यावरून मागे टाकलेला, तोंडात सुपारी. डबा ती शिडीच्या पायरीशी ठेवायची आणि मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. अर्धा अर्धा तास. तिथून ओरडायची. हिरॉइन चकणी झाली. हा माणूस रागावलाय की याचं पोट दुखतंय? कान खाली आण. दोघं एरवी आपसात हिंदी बोलत, पण रागावली की ताजबीचाची अहिराणीवर यायची, आणि चाचाही मग अहिराणीतच उत्तर द्यायचे. आणि चाचा पुसायचे! जो डोळा कामिनीने सकाळपासून श्वास रोखून चौकटीत उतरताना पाहिला होता, तो ते निमूटपणे चिंधीने पुसून टाकायचे. एकविसाव्या वर्षी कामिनीला हे फार बोचलं होतं. एवढा मोठा कारागीर आणि बायकोपुढे ही गत! तिने एकदा चाचांना विचारलंही होतं, “चौकट बरोबर होती ना?” चाचा हसले होते. “चौकट बरोबर होती. पण जेवायचंय ना मला.” तिने ते विनोद म्हणून घेतलं. त्या वेळी तिने एकदाही रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं नव्हतं. हे तिला आत्ता, बस मुकटीच्या आसपास असताना, कळलं, आणि ती खिडकीपासून थोडी आत सरकून बसली.

चाचा पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि मांडीवरच हलत होता. त्यांची नात अफरीन पाणी घेऊन आली. ताजबीचाची आत भाकरी करत होती. कामिनीने मोबाईलवरचे दोन्ही फोटो दाखवले, तिसऱ्या मजल्यावरून काढलेला आणि रस्त्यावरून काढलेला. चाचांनी मोबाईल डाव्या हाताने डोळ्यांजवळ नेला.

“खाने बरोबर टाकलेस?”

“तीनदा मोजले, चाचा.”

“मग माझं काम झालं,” ते म्हणाले. “मी तुला खाने शिकवले. खाने बरोबर आहेत. पुढचं मला येत नाही.”

“असं काय म्हणता? वीस वीस फुटांची कापडं केलीत तुम्ही.”

“हात माझा होता.” त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि आवाज चढवला. “ताज, ओ ताज! कामिनी की अम्मी को देख जरा. ठिगनी हो गई, कहती है.”

ताजबीचाची पदराला हात पुसत आली. आता सत्तरीची, जाड चष्मा, गुडघे आत वळलेले. तिने मोबाईल हातात घेतलाच नाही. “फोटोमा काय देखू?” ती म्हणाली. “फोटो हातमा ऱ्हास. भिंत डोकावर ऱ्हास. कितली उंच शे? रस्ता कितला?” कामिनीने सांगितलं. चाची ओठ हलवू लागली, जणू रस्ता मनात पावलांनी मोजत होती. मग अफरीनला म्हणाली, “मनी पिशवी भर. दोन दिवस तुना आजाले तू सांभाळ.”

चाचा गालात हसत होते. “आळशी माणूस,” चाची कामिनीला सांगत होती, पिशवीत चष्म्याचं घर टाकता टाकता. “डोळासमोर चूक दिसे, तरी तशीच ठेवे. मी गयी नसती तर बठ्ठं धुळं चकणं करी ठेवतं यानी.” चाचांनी डोळे मिटले होते, पण हसू तसंच होतं.

सोमवारी सकाळी आठला ताजबीचाची झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. दुकान अजून उघडलं नव्हतं. कामिनीला वाटलं होतं ती लगेच काही बोलेल. पण ती नुसती पाहत होती. मग दहा पावलं डावीकडे गेली आणि पाहिलं, वळणापर्यंत गेली आणि वळणावरून चालत आली, जशी एखादी मुलगी बॅग घेऊन स्टँडवरून येईल तशी, खाली पाहत, आणि मग एकदम मान वर केली. असं तीन वेळा केलं. दूधवाला थांबून पाहायला लागला. कामिनीला त्या चालण्यात काहीतरी ओळखीचं वाटलं आणि मग उमगलं, की चाची चित्र पाहतच नव्हती; चित्र पाहणाऱ्याला पाहत होती. तो कुठून येईल, मान कधी उचलेल, किती उचलेल. हे सगळं ती चाळीस वर्षं, कुणी न शिकवता, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून करत आली होती. आणि आपण तिला डबा आणणारी बाई समजत होतो.

“तुनी माय उंच व्हती,” चाची अखेर म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“हात देख ना. लांब हातनी बाई बुटकी कशी राही?” मग ती पायरीवर टेकली. “कागदवर ती तुना डोळासमोर उभी शे. आठे डोकावर उभी शे. जे डोकावर ऱ्हास ते पळी जास, त्याले धरी आणनं पडस. पाय आखूड कर. गुडघा खाले आण. कंबर खाले. मान लांब कर, जितली शे तेना दीडपट. तोंड मोठं कर.”

“तोंड दीडपट? चाची, ते भयानक दिसेल.”

“वर दिसी. खाले नही दिसाव.”

कामिनी जिना चढली. वरच्या वळणावर एक खिडकी होती, अजून गज न बसवलेली, तिच्यातून परांचीवर जाता यायचं. झिपरूदादा, परांची बांधणारे, तिथे रंगाचे डबे लावून बसले होते. तिने कानात मोबाईलची वायर घातली, खडू घेतला आणि आईच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली. चेहरा तिच्या कमरेएवढा उंच होता. एक डोळा तिच्या पंजाएवढा. इतक्या जवळून ती आई नव्हती, कुणीच नव्हतं, तपकिरी रंगाचे उतार आणि रेघा होत्या. “हनुवटी,” कानात खालून चाचीचा आवाज आला. “एक वीत खाले.” तिने वीत लावली, खडूची खूण केली. “आजून अर्धी.” केली. “कपाळ वर ने. भाराना बुड वर लोट.” तिने लोटलं. तिच्या पंचवीस वर्षांच्या चौकटी, एकेक करून, तिच्याच हाताने मोडत होत्या. पस्तीसमधला गाल पंचेचाळीसमध्ये सांडला. कपाळ घोड्यासारखं लांब झालं. नाक काकडीसारखं. तिचा हात थांबला.

“काय झायं?” खालून विचारणा झाली.

“चाची, हे फार विचित्र दिसतंय.”

“माले नही दिसत.”

“मला दिसतंय ना! ही माझी आई आहे.”

खालून एक ट्रॅक्टर गेला. मग चाची म्हणाली, अगदी हळू, “तुनी माय तठे नही शे, बेटी. तठे फक्त रंग शे. तुनी माय आठे खाले शे, मनाजवळ. तू कर.”

कामिनीने खडू पुन्हा उचलला. त्या क्षणी तिला काय वाटलं ते तिला पुढे कुणाला नीट सांगता आलं नाही. ज्या गोष्टीवर तिचा सगळा भरवसा होता, आपले डोळे आणि आखलेली चौकट, ती दोन्ही तिला सांगत होती की तू आईचा चेहरा बिघडवते आहेस. आणि एक चित्र न येणारी, कधीही ब्रश न धरलेली म्हातारी सांगत होती की बिघडव. तिने बिघडवला, आणि खडूच्या रेघेमागोमाग सपाट रंग नव्याने भरत गेली. दुपारी साडेबारापर्यंत मान झाली, खांदे रुंद झाले. जेवणानंतर पाय. पायांवर चाची फार वेळ अडली. घोटा वर, खाली, पुन्हा वर, पावलं तेवढीच ठेव, बोटं तेवढीच, नाहीतर बाई तरंगेल. मंगळवारी हात. मोकळ्या हाताचा मागे गेलेला पंजा चाचीने चारदा पुसायला लावला. झिपरूदादा वैतागले. “ताई, या बाईंना चित्रातलं काय कळतं?” कामिनी चिंधी पाण्यात बुडवत होती. तिला एकदम चाचा आठवले, शिडीवर, निमूट, डोळा पुसताना. “मला कळत नाही ते कळतं त्यांना,” ती म्हणाली, आणि पंजा पुसून टाकला.

मंगळवारी चारच्या सुमाराला कानात आवाज आला, “बस. आते खाले ये.”

फाटकातून वळून ती रस्त्यावर आली आणि मुद्दाम खाली पाहत चालली, चाची चालली होती तशी, झेरॉक्सच्या पायरीपर्यंत. तिथे वळली आणि मान वर केली.

आई भारा घेऊन निघाली होती. नुसती उंच नव्हती. तिच्या डोक्यावरचा भारा आभाळाला लागला होता आणि मान त्याखाली सरळ होती, लांब, जराही न दबलेली. कंबरेतून ती किंचित वळली होती, मोकळा हात मागे राहिला होता, आणि पुढच्या क्षणी ती कडेने निघून जाणार होती, कारण म्हशी ओरडत होत्या. चेहरा अजून सपाट रंगाचाच होता, डोळ्यांत उजेड भरायचा होता, पण ती आईच होती. छोट्या चित्रातल्यापेक्षाही जास्त. छोट्या चित्रात ती बरोबरीची होती. इथे ती होती तेवढी होती. कामिनीला रडू आलं नाही. ती चक्क हसली, मोठ्याने, आणि शेजारी उभ्या असलेल्या चाचीचा हात धरला. चाचीचा हात सुरकुतलेला आणि कोरडा होता, पिठाचा वास येत होता. सकाळी तिने कामिनीच्या घरी कुणाचं न ऐकता भाकऱ्या थापल्या होत्या.

“कसं केलंत हो हे?” कामिनीने विचारलं. “मी इतकी वर्षं शिकवते, मला नाही आलं.”

“मी काय करं? तू करं.” चाची चष्मा पुसत होती. मग जरा थांबून म्हणाली, “माले एकदाव वर लई चाल.”

“वर? परांचीवर?”

“चाळीस वरीस मी खाले उभी ऱ्हायनी. तठून कसं दिसस ते कधी देखं नही. तुना चाचा माले शिडीवर चढू देत नव्हतात. पडशी म्हणेत.”

जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीवर चाची दोन्ही पाय टेकवायची. पहिल्या वळणावर बसली, पाणी प्याली. वरच्या वळणावर झिपरूदादांनी खिडकीशी फळी सारखी केली, एका बाजूने त्यांनी धरलं, दुसरीकडून कामिनीने. चाची बाहेर फळीवर उतरली, बांबू घट्ट धरला, आणि वळून भिंतीकडे पाहिलं.

तिच्यासमोर तपकिरी रंग होता. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मान वर केली, खाली केली. “तोंड कठे शे?” ती म्हणाली.

“तुम्ही तोंडासमोरच उभ्या आहात. ही हनुवटी. हा ओठ.”

चाचीने एक हात सोडला आणि भिंतीवर ठेवला. ओठाच्या रेघेवरून तो सावकाश फिरवला, आंधळा माणूस फिरवील तसा. मागे सरकायला जागा नव्हती, पाठीशी बांबू होता आणि बांबूमागे तीस फूट हवा. ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता. मग तो गेला आणि तिथे काहीतरी दुसरं आलं, जे पाहून कामिनीने पुढे केलेला हात मागे घेतला.

“आठून काहीच दिसत नही,” चाची म्हणाली.

“नाही दिसत.”

“डोळा चकणा झाया तरी दिसाव नही.”

“नाही.”

खाली रस्त्यावरून शाळेची मुलं चालली होती, त्यांतली दोन मान वर करून पाहत होती. “फोन लाव,” चाची म्हणाली. “त्यास्ले लाव.”

कामिनीने धुळ्याला फोन लावला. अफरीनने उचलला आणि चाचांच्या कानाशी धरला असावा, कारण आधी कापडाची खसखस ऐकू आली आणि मग त्यांचा श्वास. कामिनीने आवाज मोठा करून मोबाईल चाचीच्या तोंडासमोर धरला. चाची एरवी चाचांशी बोलायची त्या हिंदीत नाही, रागावल्यावरच्या अहिराणीत बोलली, पण आवाजात राग नव्हता.

“शिडीवरून तुमले काहीच दिसत नव्हतं का हो?”

“नही,” चाचा म्हणाले.

“कधीच?”

“कधीच नही.”

“मी तुमले इतला वरीस आळशी म्हणत ऱ्हायनी. बठ्ठा लोकेसमोर. मंग सांगं कसाले नही?”

तिकडे चाचा हसले की खोकले ते कळलं नाही. मग त्यांचा थकलेला, सावकाश आवाज आला.

“तू सांगी ऱ्हायनी व्हती ना खालतून. मंग माले कसाले देखनं पडस?”

ताजबीचाचीने मोबाईल कामिनीकडे दिला, चष्मा काढला, आणि तशीच, कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली.